शेवटचा हात

गाणे कोणी गायिले, चाल कोणाची, शब्द कोणाचे, हे आपण हटकून विचारतो. परंतु ध्वनिमुद्रण पुरे झाल्यावर आणि ते आपल्या कानी पडण्यापूर्वी ज्याचा शेवटचा हात त्यावरून फिरतो, त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या कामाला मास्टरिंग म्हणतात. कादंबरीकाराला जसा मुद्रितशोधक तसा गायकाला हा गृहस्थ. काम चांगले झाले की त्याची आठवणही होत नाही!

तबकडीच्या काळात हे काम मोठे नाजूक. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरावेत तर खाच इतकी रुंद होई की तबकडीवर गाणे मावेना. म्हणून कोरताना खर्ज उतरवायचा, टिपेचे स्वर चढवायचे आणि वाजविणाऱ्या यंत्राने ते पुन्हा उलट करायचे. अमेरिकेत १९५४ साली याचे एक प्रमाण ठरले. आजही निघणाऱ्या तबकड्यांना तेच लागू आहे. टिपेचे स्वर खाली येताना तबकडीची खरखरही त्यांच्याबरोबर खाली येते, ही त्यातली खरी खुबी.

१९८२ साली सीडी आली. सुई गेली, खाच गेली; आता हळू ते हळू आणि मोठे ते मोठे ठेवायला कोण अडविणार होते? घडले उलटेच. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे वाजावे अशी अहमहमिका लागली. यंत्रातील आवाजाला वरची मर्यादा असते. तेव्हा हळू आवाज उचलायचे, उंच आवाजांची शेंडी छाटायची आणि सगळे एका उंचीत चेपून बसवायचे. अमेरिकेतील मेटालिका या वाद्यवृंदाच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वरून तर रणच माजले. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या खेळात कमी चेपलेली मिळाली. रसिकांनी दोन्ही ताडून पाहिली आणि हजारोंनी सह्या करून नव्या मास्टरिंगची मागणी केली. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांचे म्हणणे असे, की हाती आले तेव्हाच ते चेपलेले होते. मला ते पटते. आता स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गाणी साधारण एकाच पातळीवर आणून ऐकवितात. म्हणजे या आटापिट्यातला लाभही उरला नाही.

ख्यालगायकीला हा रोग फारच बाधेल. स्वर बारीक करीत षड्जावर विरवायचा, आणि ते विरणे तानेइतकेच मोठे वाजले, तर गाणे उरले कोठे?

जुन्या मुद्रिका ‘स्वच्छ’ करण्याच्या हौसेविषयीही माझी तक्रार हीच. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती अवघ्या साडेतीन मिनिटांची, जुन्या तबकडीवरची. असल्या मुद्रिकेतील खरखर पार पुसून काढू गेले, की तंबोऱ्याची झिळमिळ आणि आकाराची धारही तिच्यासंगे जाते. मी खरखरीची प्रतच लावतो. बाई गाऊ लागल्या, की दहाबारा सेकंदांत ती ऐकू येईनाशी होते.