चित्रातून गळालेली आई

आल्फ्रेड स्टीव्हन्स (1823–1906) हा ब्रुसेल्समध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला चित्रकार. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे एक चित्र होते : भटकेपणाच्या 'गुन्ह्या'बद्दल सैनिक एका दरिद्री आईला मुलांसह पकडून नेत आहेत; एक श्रीमंत बाई पैशाची पिशवी पुढे करते आहे.

पुढच्या चित्रांतून ही आई गळाली. उरली ती श्रीमंत बाई. दिवाणखान्यात, रेशमी झग्यात, काश्मिरी शालीत. 1867 च्या प्रदर्शनात त्याची 18 चित्रे लागली, पदकही मिळाले. रेशमाची चमक रंगवण्याचे त्याचे कसब निर्विवाद आहे. पण कलावंताने काय रंगवायचे सोडले, हेही समीक्षेने विचारले पाहिजे. त्या आईला गुन्हेगार ठरवणारा कायदा फ्रान्समध्ये 1994 पर्यंत टिकला.