ठाऊक असलेल्या विनोदाचा आस्वाद

विनोदाचा आनंद अनपेक्षिततेत असतो, हे गृहीतक विनोदमीमांसेत दीर्घकाळ वावरत आले आहे. अपेक्षाभंग झाला की हसू फुटते; परंतु एकदा भंगलेली अपेक्षा दुसऱ्यांदा भंगत नाही. हे गृहीतक पूर्णांशाने स्वीकारले, तर 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या चित्रपटाच्या आस्वादाची उपपत्ती लागत नाही. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित आणि वसंत सबनीस लिखित हा चित्रपट मराठी प्रेक्षक तीन दशकांहून अधिक काळ पुनःपुन्हा पाहत आला आहे. संवाद पात्राआधी प्रेक्षकाच्या ओठांवर येतो, तरीही हसू ओसरत नाही.

याचे कारण रचनेत शोधावे लागते. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) या चित्रपटावरून घेतलेले कथाबीज साधे आहे. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा हवी आहे. लीलाबाई काळभोर विवाहित जोडप्यांनाच जागा देणार आहेत. म्हणून सुधीरची 'सुधा' होते आणि परशाची 'पार्वती'. यातले काहीही प्रेक्षकापासून लपविलेले नाही. तो फसवला जात नाही; तो कटात सामील असतो, त्या घरातला जणू पाचवा बिऱ्हाडकरू असतो. कटातल्या माणसाला गुपिताचे कुतूहल नसते. ते निभावण्याच्या कसबाचे कौतुक असते, आणि कौतुक पुनरावृत्तीने झिजत नाही.

हे कसब सामूहिक आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीने तोल सोडायचा, अशोक सराफ यांच्या धनंजय मानेने तो सावरायचा, असा हा पदन्यास आहे. सुधीर जोशी यांचे घरमालक सरपोतदार यांनी मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपयेही 'वारले' असे धनंजय सांगतो, तेव्हा माणसासाठी राखलेले आदरार्थी क्रियापद पैशाला लागते. पण विसंगती केवळ शब्दात नाही. सराफ यांच्या चेहऱ्यावरील सुतकी गांभीर्यामुळे ती फळाला येते.

भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेषाची गणना केली आहे. तथापि वेषपालट म्हणजे आपोआप हास्य नव्हे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकेत प्रेक्षकाला पुरुषाचा विसर पडणे ही सिद्धी होती. येथे तो विसर पडला तर विनोदच संपेल. लुगड्याआडचा पुरुष सतत जाणवत राहणे ही या हास्याची अट आहे.

याच अटीतून एक अस्वस्थ प्रश्न उद्भवतो. पार्वतीचे डोहाळजेवण होते तेव्हा गर्भ खोटा असतो, पण लीलाबाईंचे वात्सल्य खरे असते. पाचवा बिऱ्हाडकरू होऊन हसणारा प्रेक्षक त्या वात्सल्यालाही हसतो काय? चित्रपट त्याला यातून सहज सोडवत नाही. नयनतारा यांनी लीलाबाईंना हास्यास्पद म्हातारी होऊ दिलेले नाही. त्या प्रसंगातील त्यांची ऋजुता पाहता खजील व्हावे लागते ते सोंग आणणाऱ्यांनाच. म्हणून सोंग उघडे पडण्याची वेळ जवळ येते, तेव्हा प्रेक्षकाला घर जाण्याच्या भीतीइतकीच लीलाबाई दुखावल्या जाण्याची भीती वाटते.

येथेच या आस्वादाचे मर्म आहे. लबाडी विकृतीतून नव्हे, डोक्यावर छप्पर नसण्यातून जन्मते. शहरात भाड्याने जागा शोधताना 'आपण कोण' याचे सोयीस्कर उत्तर द्यावे लागलेला प्रेक्षक त्या चौघांना परका मानत नाही. चित्रपट त्याची लबाडी क्षम्य ठरवतो, परंतु तिची किंमत कोणाच्या विश्वासातून वसूल झाली, हेही विसरू देत नाही. ठाऊक असलेल्या विनोदाला पुन्हा हसताना प्रेक्षक दर वेळी हा हिशेब नव्याने करतो. केवळ चतुर असलेल्या प्रहसनाला हे भाग्य लाभत नाही.