शोकाची संवादरूपे: ‘व्हेअर रीझन्स एंड’

यियुन ली यांच्या १६ वर्षांच्या मुलाचा २०१७ साली आत्महत्येने मृत्यू झाला. त्यानंतर लिहिलेल्या ‘व्हेअर रीझन्स एंड’ (२०१९) या कादंबरीत आई आणि तिचा मृत मुलगा निकोलाय यांचा संवाद आहे. मात्र तिला केवळ आत्मचरित्रपर दस्तऐवज मानणे अपुरे ठरते.

विलापिका सामान्यतः मृताविषयी बोलते आणि त्याला गुणवर्णनात स्थिर करून टाकते. येथे मृत मुलगा आईशी वाद घालतो. तिचा विश्वास नामांवर, त्याचा ओढा विशेषणांकडे. तिच्या शब्दयोजनेतील दोष तो काढतो, तिची थट्टा करतो. त्याची उत्तरे आईच रचते आहे, हे संहिता लपवीत नाही. त्यामुळे हा संवाद सांत्वनाच्या पातळीवर उतरत नाही.

मृत्यूचे कारणही कादंबरी सांगत नाही. कारण निश्चित केले की व्यक्ती त्या कारणाचे उदाहरण होऊन बसते. करुणाचा स्थायिभाव शोक होय. येथे मात्र शोकाला वात्सल्याने व्यापले आहे. हे वात्सल्य मुलाचे उदात्तीकरण करीत नाही. आईला निरुत्तर करण्याचा त्याचा अधिकार ते अबाधित ठेवते. स्मरणाची ही नैतिकता हेच या कृतीचे सामर्थ्य आहे.