गद्धेगाळ ते बदअमल : मध्ययुगीन न्यायातली बाई आणि पुरुषाची अब्रू

(वालावल इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, लक्ष्मीनारायणाच्या गावात लैंगिक अत्याचाराचा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण हा विषय देवाच्या जमिनीपासूनच सुरू होतो. देवस्थानाची जमीन म्हटलं की वाद आलेच, हे वालावलकरांना मी सांगायला नको. हजार वर्षांपूर्वी कोकणात शिलाहार राजे जमिनीचं दान द्यायचे, तेव्हा ते कुणी मोडू नये म्हणून दगड उभा करायचे. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली एक चित्र : बाई, आणि तिच्यावर चढलेलं गाढव. हाच गद्धेगाळ. अलिबागजवळ अक्षीला आहे, गोव्यातही सापडतात.

मुंबईत परळला सापडलेला अपरादित्याचा शके 1108 चा लेख बघा. दानाचा तपशील संस्कृतात. शाप मात्र मराठीत! जो हे शासन मोडील त्याच्यावर सकुटुंब देवाचा कोप होवो, आणि त्याच्या आईला गाढव लागो. संस्कृत न कळणाऱ्यालाही हे कळलं पाहिजे, म्हणून भाषा बदलली. आपल्या मराठीच्या सर्वात जुन्या वाक्यांत ही आईवरची शिवी आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. ही बाई म्हणजे भूमी, गाढव म्हणजे गाढवाचा नांगर. दान मोडलं तर जमीन ओसाड पडेल, एवढाच अर्थ. प्रतीक म्हणून मला ते पटतंही. पण परळच्या दगडावर शब्द ‘माय’ आहे, ‘भुई’ नाही. आणि प्रतीक मानलं तरी प्रश्न उरतोच. दान मोडणारा पुरुष, मग शिक्षा त्याच्या आईला का? कारण पुरुषाची अब्रू त्याच्या स्वतःच्या देहात ठेवलेलीच नाही. ती घरातल्या बाईच्या देहात ठेवलेली आहे. म्हणून ही धमकी लागू पडते.

आता शास्त्राकडे येऊ. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. पुढं शतकानुशतकं तिचा आधार घेतला गेला. त्यात ‘स्त्रीसंग्रहण’ नावाचं प्रकरण आहे. परस्त्रीशी संबंध हा तिथला गुन्हा. याज्ञवल्क्य दंड कसा ठरवतो? बाई सवर्ण, म्हणजे पुरुषाच्याच वर्णाची असेल तर सर्वात मोठा दंड, खालच्या वर्णाची असेल तर मधला, वरच्या वर्णाची असेल तर पुरुषाला मृत्यू आणि बाईचे कान वगैरे कापायचे. म्हणजे मोजमाप तिच्या इजेचं नाही. कुणाच्या घराला किती बट्टा लागला, त्याचं आहे.

या पार्श्वभूमीवर 28 जानेवारी 1646 चं शिवाजी महाराजांचं पत्र वाचा. महाराज तेव्हा सोळाव्या वर्षात. खेडेबारे कर्यातीतल्या रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर यानं ‘बदअमल’ केला, म्हणून त्याचे हातपाय तोडले. ही गोष्ट लहान नाही. गावात पाटील म्हणजे सत्ता. जिथं वरच्याला दंड हलका, तिथं वतनदाराला इतकी कठोर शिक्षा होते. परस्त्रीला हात लावायचा नाही, या महाराजांच्या नियमाची नोंद विरोधी बाजूच्या खाफीखानानंही केली आहे.

पण आपण हे पत्र वाचतो कसं? आपल्या भाषणांत, चित्रांत एक रडणारी बाई असते. पत्रात ती नाही. तिचं नाव नाही, तक्रार नाही, पुढं तिचं काय झालं तेही नाही. ‘बदअमल’ हा एकच शब्द आहे. उरलेलं पत्र पाटीलकीचं आहे. सोनजी गुजरानं बाबाजीला सांभाळायचं पत्करलं, सरकारात होन भरले आणि पाटीलकी त्याच्या नावावर झाली. ज्याचे हातपाय गेले त्याची पुढची सोय कागदावर आली. जिच्यावर गुदरलं, तिची नाही.

पेशवाईत मात्र बायकांची नावं दफ्तरात ठळक दिसतात. पण कशासाठी? ‘बदकर्म’ केलं म्हणून आरोपी म्हणून! उमा चक्रवर्तींनी अठराव्या शतकातल्या या कागदांवर लिहिलं आहे. अशा बायकांना कैद होई, काहींना सरकारी कुणबिणी करून राबवून घेत. बाई कायद्यापुढं आली ती गुन्हेगार होऊन.

हे सगळं मागं पडलं, असं म्हणू नका. 1860 च्या भारतीय दंडविधानातलं कलम 497 आठवा. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध हा गुन्हा, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही. हे कलम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं 2018 मध्ये. म्हणजे अब्रूचा मालक नवरा, हे तत्त्व परवापरवापर्यंत छापील कायद्यात होतं.

आज अत्याचाराची बातमी आली की आपण ओरडतो, ‘चौरंग करा!’ राग खोटा नाही, मीही तो समजू शकतो. पण तो राग बघता बघता ‘आमच्या आयाबहिणी’ असा होतो, आणि आपण परत त्या दगडापाशी येतो. शिक्षा किती कडक, यावर मर्दानगी मोजली जाते. तिची तक्रार नोंदवून घेतली का, तिला घरी आणि गावात पूर्वीसारखं राहता येतं का, हे कुणी विचारत नाही. रांझ्याच्या पत्राचा अभिमान जरूर बाळगा. फक्त ते वाचताना, जी बाई त्यात लिहिलेली नाही तिचीही चौकशी करा. प्रश्न असतील तर आता घेऊ.