पान पिवळे की फोटो पिवळा?

समजा, वाशीम जिल्ह्यातील एखाद्या शाळेचे विद्यार्थी ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या पानांचे फोटो घेऊन आले. पाने पिवळी दिसतात. पिवळा मोझॅक असेल, तर तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू; पानावर हिरव्या-पिवळ्या डागांची गोधडी दिसते. लोहाची कमतरता असेल, तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे. पण तिसरीही एक शक्यता आहे. फोटो कलत्या उन्हात काढलेला असेल आणि रंग कॅमेऱ्याने आपल्या अंदाजाने ठरवलेले असतील. अशा फोटोवरून शेतकऱ्याला सल्ला देणे धोक्याचे.

म्हणून विज्ञानाच्या कामासाठी फोटो ‘रॉ’ फाइलमध्ये घ्यावा, असे आम्ही सुचवतो. मग लगेच प्रश्न येतो: ती फाइल उघडायला सॉफ्टवेअर कोणते? सर्वांत सुंदर चित्र कोण देते, यावर बहुतेक तुलना थांबतात. शाळेसाठी आमची कसोटी वेगळी आहे. सॉफ्टवेअरने आकड्यांचे काय केले, हे विद्यार्थ्याला पाहता आणि सांगता आले पाहिजे.

आधी हे आकडे कुठून येतात ते पाहू. कॅमेऱ्यातील संवेदकाला रंग कळत नाही. प्रकाश किती पडला एवढेच कळते. त्यामुळे त्याच्या प्रत्येक घरावर लाल, हिरवा किंवा निळा गाळक बसवतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले. त्यात निम्मी घरे हिरवी, पाव लाल आणि पाव निळी असतात. म्हणजे प्रत्येक घरात एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने काढावे लागतात. फोटोतील रंगांच्या दर तीन आकड्यांपैकी दोन मोजलेले नसून काढलेले असतात!

जेपीईजी फोटोत हा हिशेब कॅमेराच करतो, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतो आणि मूळ आकडे टाकून देतो. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि हिशेब आपल्या हाती राहतो.

आता तीन सॉफ्टवेअरकडे वळू.

अडोबीचे लाइटरूम २००७ साली आले. वापरायला ते सर्वांत सोपे, आणि हजारो फोटोंची व्यवस्था लावण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. व्यावसायिक छायाचित्रकाराने ते निवडले तर आमची तक्रार नाही. पण २०१७ नंतर ते वर्गणी भरूनच मिळते. वर्गणी थांबली की फोटो पाहता येतात; फोटोवर काम करण्याचा मुख्य विभाग मात्र बंद होतो. शिवाय शेजारच्या घरांवरून रंग कसा काढला, हे ते दाखवत नाही. उत्तर मिळते, रीत मिळत नाही. गणिताच्या वहीत अशा उत्तराला आपण पूर्ण गुण देत नाही.

रॉथेरपी मूळ हंगेरीच्या गाबोर होर्वाथ यांचे. २०१० पासून ते मुक्त आहे, त्याला पैसे पडत नाहीत. त्यात रंग काढण्याच्या अनेक रीती आहेत आणि त्यांतील एक पर्याय ‘काहीही करू नका’ असा आहे. तो निवडून चित्र मोठे केले की लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी समोर येते. बायरची रचना वर्गात दाखवायला याहून चांगले साधन आम्हाला ठाऊक नाही. केलेले प्रत्येक काम ‘पीपी३’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये साध्या मजकुरात लिहिले जाते. नोटपॅडमध्ये उघडून ते वाचता येते. मूळ फोटो तसाच राहतो. दोष असा की, फाइल उघडताच हे सॉफ्टवेअर आपणहून कॅमेऱ्याच्या चित्रासारखी उजळणी करते. नवख्याला वाटते, हेच मूळ. म्हणून सुरुवातीलाच ‘न्यूट्रल’ हा पर्याय निवडावा.

डार्कटेबल २००९ पासूनचे, तेही मुक्त. विंडोजवर ते २०१७ च्या अखेरीस आले. हिशेबाच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने होतात, हे ते एकाखाली एक मांडून दाखवते. हा त्याचा मोठा गुण. मात्र विभाग इतके की नवा शिक्षक गोंधळून जातो. जुन्या संगणकावर ते रेंगाळते. कामाची नोंद वेगळ्या फाइलमध्ये असते खरी, पण तिच्यातील आकडे सांकेतिक असल्याने माणसाला वाचता येत नाहीत.

आणखी एक मुद्दा टिकाऊपणाचा. अॅपलचे अॅपर्चर २००५ साली आले आणि २०१४ साली कंपनीने त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. त्यात वर्षानुवर्षे काम केलेल्यांना दुसरीकडे जावे लागले. याउलट डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला ‘डीसीरॉ’ हा कार्यक्रम सर्वांना वाचता येईल असा ठेवला. त्याच्या आधारावर पुढे इतरांनी कितीतरी कामे उभी केली. शाळेला दर खरिपाच्या पानांची नोंद दहा वर्षे ठेवायची असेल, तर हा फरक लहान नाही.

तेव्हा आमची शिफारस: शाळेने रॉथेरपी घ्यावे, ते अंगवळणी पडले की डार्कटेबल पाहावे. महागडा कॅमेरा हवाच असे नाही. अॅण्ड्रॉइडमध्ये रॉ फाइलची सोय २०१४ पासून आहे आणि अनेक फोनच्या ‘प्रो’ विभागात ती मिळते. मात्र काही फोन अनेक चित्रे एकत्र करून मगच ‘रॉ’ म्हणून देतात, हे ध्यानात असू द्यावे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग असा. पानाशेजारी, त्याच उजेडात, साधा पांढरा कागद ठेवून फोटो घ्या. समजा, कागदावर लाल २०००, हिरवा ३००० आणि निळा १२०० असे आकडे आले. कागद पांढरा दिसायचा तर तिन्ही सारखे हवेत. म्हणून लाल आकड्यांना १.५ ने आणि निळ्यांना २.५ ने गुणायचे. हेच गुणक पानालाही लागू होतात. सॉफ्टवेअरमधील ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणजे मुळात हाच गुणाकार. एका गटाने केलेली पीपी३ फाइल दुसऱ्या गटाला द्या. त्यांच्या संगणकावर त्याच फोटोतून तेच पान उमटले पाहिजे.

उमटले, आणि तरीही पान पिवळेच दिसले, तर मात्र फोटो बाजूला ठेवून शेतात जावे आणि शिरा हिरव्या आहेत का, ते डोळ्यांनी पाहावे.