चेंडू धांवतो, हशा पिकत नाहीं

'ऑस्टिन पॉवर्स पिनबॉल' हा २००२ सालीं निघालेला स्वस्त व्हिडिओ-खेळ १९९७ व १९९९ सालच्या दोन विनोदी चित्रपटांवर आधारलेला असून, दोहोंचा एकेक पट त्यांत आहे. अल्प किंमतींत पट दोनच मिळाले, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु गुप्तहेर व त्याचा वैरी डॉ. ईव्हिल या दोन्ही भूमिका माइक मायर्स हा एकच नट करतो, यांत मूळ विनोदाचें बरेंचसें मर्म आहे. त्याच्या एका विरामांतून हशा पिकतो. येथें विरामास जागाच नाहीं. चेंडू घरंगळूं लागला कीं खेळणाराचें सारें लक्ष त्यास परतविणाऱ्या दांड्यांकडे. भोंवतालचीं चित्रें पाहण्यास सवड कोणास? चेंडूच्याच फजितींतून विनोद साधला असता, तर तो खेळाचा स्वतःचा ठरता. नांव उसनें मिळतें. हशा मिळत नाहीं, असें आम्हांस वाटतें.