‘तेवीस, स्किडू!’

‘पोबारा करणें’ हा सोंगट्यांच्या डावांतून मराठींत उतरलेला प्रयोग आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. ‘नऊ दोन अकरा’ होणारेहि कांहीं थोडे नाहींत. पलायनास आंकडा जोडण्याची ही हौस आपलीच नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेंत नकोशा माणसास ‘तेवीस, स्किडू!’ म्हणून वाटेस लावीत. यांतील ‘स्किडू’ हें तेथील यादवी युद्धाच्या काळीं रूढ असलेल्या ‘स्किडॅडल’ या शब्दाचें धाकटें भावंड असावें. (1906 सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें, तेव्हां तेथें वसलेल्या गांवास हेंच नांव दिलें. 1917 मध्यें खाण बंद पडली आणि रहिवाशांनीं गांवाच्या नांवाचा शब्दशः अर्थ पाळला!) खरा वाद आहे तो तेविसाचा.

लोकप्रिय उपपत्ति अशी: न्यूयॉर्कमध्यें तेविसाव्या रस्त्यावर ‘फ्लॅटआयर्न’ ही त्रिकोणी उत्तुंग इमारत आहे. तिच्या टोंकाशीं वारा असा घोंघावे कीं, स्त्रियांचे घागरे उडत. तें पाहण्यास रिकामटेकडे जमत, आणि पोलीस त्यांना ‘तेवीस, स्किडू’ म्हणून हुसकावीत. कथा चित्तवेधक खरी. पण इमारत पुरी झाली 1902 सालीं, आणि ‘तेवीस’ हा शब्द याच अर्थानें 1899 च्या वृत्तपत्रांतूनच आढळतो! रस्त्यानें फार तर वाक्प्रचारास प्रसिद्धि दिली असेल. जन्म खास दिला नाहीं. तरीहि ही कथा पुस्तकांतून पुनःपुन्हां छापली जाते, याचें कारण तिच्यांतील घागरे हेंच असावें, अशी आम्हांस शंका आहे.

दुसरी उपपत्ति अधिक विचारार्ह आहे. डिकन्सच्या 1859 मधील ‘ए टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरींत गिलोटिनखालीं पडणारीं मस्तकें विणकाम करीत बसलेल्या बायका मोजतात. सिडनी कार्टनच्या वांट्यास येतो तो आंकडा तेवीस. या कादंबरीवर आधारलेलें ‘दि ओन्ली वे’ हें नाटक लंडनमध्यें 1899 सालींच रंगभूमीवर आलें, आणि डिकन्सचा हा दाखला त्याच वर्षीं अमेरिकन वृत्तपत्रांतहि दिला गेला होता. काळ जुळतो, पाळी आलेल्यानें निघावें हा अर्थहि जुळतो. अडचण एवढीच कीं, कादंबरी व वाक्प्रचार यांमध्यें चाळीस वर्षांचें अंतर आहे. तें सांधणारा लेखी पुरावा पुढें येईपर्यंत ही उपपत्ति आम्ही संभाव्य म्हणूं, सिद्ध म्हणणार नाहीं.